एकच कमांड, शंभर फाइल्स

शाळेच्या ऑफिसात जून महिन्यात हमखास येणारं काम घ्या. दहावीच्या चार तुकड्या, प्रत्येक तुकडीत साठ-पासष्ट मुलं. प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर करायचा आणि त्यात दाखला, आधार कार्ड, फोटो यांचं स्कॅनिंग टाकायचं. राइट क्लिक, न्यू, फोल्डर, नाव टाइप करा, एंटर. असं अडीचशे वेळा. गंमत म्हणजे नावांची यादी एक्सेलमध्ये आधीच तयार असते, तरीही ती पुन्हा हाताने टाइप केली जाते. फोटो स्टुडिओत लग्नाच्या सातशे फोटोंना नावं देताना हेच होतं. कर सल्लागाराकडे ग्राहकवार पीडीएफ लावताना आणि कॉलेजच्या लॅबमध्ये कुठलं मशीन चालू, कुठलं बंद हे बघतानाही तेच.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये अशी कामं एका ओळीत होतात. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि आपल्याच फोल्डरमध्ये काम असेल तर अ‍ॅडमिनचा पासवर्डही लागत नाही. लागते ती फक्त फॉर ही कमांड. मूळ फॉर डॉसच्या काळापासून आहे. यादी वाचणारी आणि आकडे मोजणारी तिची रूपं विंडोज एनटीच्या कमांड प्रॉम्प्टबरोबर आली, आणि आजच्या विंडोज ११ मध्येही ती जशीच्या तशी चालतात. सरकारी कार्यालयातल्या जुन्या विंडोज ७ च्या मशीनवर शिकलेली ओळ नव्या लॅपटॉपवरही चालते, हा तिचा मोठा फायदा.

फक्त एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवायची. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारी अशी ओळ, हा अस्सल सांगकाम्या आहे. बरोबर सांगितलं तर अडीचशे वेळा बरोबर करील, चूक सांगितलं तर अडीचशे वेळा तितक्याच निष्ठेने चूक करील, आणि मधे थांबून ‘साहेब, नक्की ना?’ असं विचारणार नाही. म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी आधी पाहायचं आणि मग करायचं, हाच क्रम ठेवला आहे.

छपाईच्या सोयीसाठी या लेखात कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. कीबोर्डवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायच्या. स्पेलिंगची शंका येईल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. चिन्हं मात्र जशी छापली आहेत तशीच हवीत.

सुरुवात

ज्या फोल्डरमध्ये काम करायचं तो एक्सप्लोररमध्ये उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीवर क्लिक करा, तिथलं सगळं खोडून सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप करा आणि एंटर दाबा. काळी खिडकी थेट त्याच फोल्डरमध्ये उघडते. दुसऱ्या ड्राइव्हवर जाताना सीडी पुढे /डी लावण्याची भानगडही राहत नाही.

विंडोज ११ मध्ये राइट क्लिक करून ‘ओपन इन टर्मिनल’ घेतलं, तर बहुतेक वेळा पॉवरशेल उघडतं. तिथे ओळीच्या सुरुवातीला पी-एस अशी अक्षरं दिसतात. इथल्या फॉरच्या ओळी पॉवरशेलमध्ये चालत नाहीत, कंस सापडत नसल्याची तक्रार येते. घाबरायचं कारण नाही. तिथेच सी-एम-डी टाइप करून एंटर दाबलं की पी-एस जातं आणि आपण कमांड प्रॉम्प्टमध्ये येतो.

आता पहिली ओळ:

फॉर %आय इन (*.पीडीएफ) डू @एको %आय

फॉर म्हणजे एफ-ओ-आर, एको म्हणजे ई-सी-एच-ओ. कंसात काय घ्यायचं ते सांगितलं आहे, म्हणजे या फोल्डरमधल्या सगळ्या पीडीएफ. त्यातली एकेक फाइल %आय या नावात येते आणि डू नंतरची कमांड तिच्यावर चालते. एको फक्त स्क्रीनवर नाव दाखवतं, कशालाही हात लावत नाही. आधीच्या @ मुळे कमांड स्वतः स्क्रीनवर उमटत नाही, नुसता निकाल दिसतो. इन आणि कंस यांच्यामध्ये स्पेस सोडा. % नंतर एकच अक्षर चालतं आणि त्यात लहान-मोठ्या लिपीचा फरक आहे: लहान आय आणि कॅपिटल आय ही दोन वेगळी नावं ठरतात.

हीच ओळ बॅच फाइलमध्ये, म्हणजे कमांड साठवून ठेवलेल्या .बॅट फाइलमध्ये, लिहिताना मात्र एकाऐवजी दोन टक्के लागतात, म्हणजे %%आय. ‘ओळ खिडकीत चालली, फाइलमध्ये का चालत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

ओळ वर्डमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर साठवून तिथून चिकटवायची सवय असेल तर सावध राहा. वर्ड सरळ अवतरणचिन्हं गुपचूप वाकडी करून टाकतं आणि कमांड प्रॉम्प्टला ती वाकडी चिन्हं ओळखता येत नाहीत. अशा ओळी नोटपॅडमध्येच ठेवाव्यात.

नावं बदलायची आहेत

समजा, गॅदरिंगच्या सगळ्या फोटोंच्या नावाआधी २०२५ आणि एक अंडरस्कोर लावायचा आहे. नाव बदलायची कमांड आर-ई-एन. सरळ सुचणारी ओळ अशी:

फॉर %आय इन (*.जेपीजी) डू @एको रेन "%आय" "२०२५_%आय"

रेनच्या आधी मुद्दाम एको ठेवलं आहे. त्यामुळे नावं बदलत नाहीत, बदलण्यासाठी चालणार असलेल्या ओळी नुसत्या डोळ्यांसमोर येतात. दोन्ही नावांभोवतीची अवतरणचिन्हं गाळू नका. फोनमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेल्या फाइलींच्या नावात स्पेस असतातच, आणि अवतरणचिन्हं नसली की रेनला एका नावाची तीन-चार नावं दिसू लागतात.

यादी बरोबर दिसली की वरचा बाण दाबा. आधीची ओळ परत येते. त्यातलं @एको काढून एंटर दाबायचं, एवढंच. पण या ओळीत एक खाच आहे. फॉर फोल्डरमधल्या फाइली चालता चालता वाचत जातो. एखाद्या फाइलचं नाव बदललं की ती नव्या नावाने पुढे पुन्हा त्याच्या हाती लागू शकते, कारण नवं नावही जेपीजीच आहे. मग काही फोटोंच्या नावाआधी २०२५_२०२५_ असं दुहेरी लटांबर लागतं. दरवेळी होतंच असं नाही, आणि म्हणूनच चाचणीत ते पकडलं जात नाही.

पक्का मार्ग असा:

फॉर /एफ "डेलिम्स=" %आय इन ('डिर /बी /ए-डी *.जेपीजी') डू @एको रेन "%आय" "२०२५_%आय"

इथे कंसात फाइली नाहीत, डी-आय-आर ही कमांड आहे, तीही एकेरी अवतरणचिन्हांत. फॉर आधी ती पूर्ण चालवतो, तिची सगळी यादी हातात घेतो आणि मगच पहिल्या नावाला सुरुवात करतो. यादी आधीच गोठलेली असल्यामुळे बदललेली नावं त्यात पुन्हा शिरू शकत नाहीत. /बी मुळे नुसती नावं मिळतात, तारीख आणि आकार नाही. /ए-डी मुळे फोल्डर वगळले जातात. "डेलिम्स=" म्हणजे डी-ई-एल-आय-एम-एस आणि बरोबरीचं चिन्ह, पुढे काही नाही. हे लिहिलं नाही तर फॉर प्रत्येक ओळ स्पेसपाशी तोडतो आणि ‘स्नेहा कदम.जेपीजी’ मधलं फक्त ‘स्नेहा’ घेतो.

फाइलींची नावं मराठीत असतील तर आणखी एक पायरी आहे. साधा फॉर देवनागरी नावं बिनचूक उचलतो, पण डिरची यादी मधे जुन्या कोडपेजमधून जाते आणि तिथे देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. पुढे रेन म्हणतं, अशी फाइलच नाही. म्हणून आधी सी-एच-सी-पी, स्पेस, ६५००१ ही कमांड द्या. खिडकी यूटीएफ-८ वर येते. त्यानंतरही काळ्या खिडकीत चौकोन किंवा तुटकी जोडाक्षरं दिसतील. तो फक्त तिथल्या फॉन्टचा दोष. एक्सप्लोररमध्ये नाव नीट दिसतं, तिथे खात्री करून घ्या.

फाइलचे नुसते तुकडे हवे असतील तर टिल्डा चिन्ह कामी येतं. ते बहुतेक कीबोर्डवर एस्केपच्या खालच्या बटनावर असतं. %~एनआय म्हणजे शेपटीशिवायचं नाव, %~एक्सआय म्हणजे नुसतं शेपूट, %~झेडआय म्हणजे बाइट्समधला आकार, %~एफआय म्हणजे ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता. हे एन, एक्स, झेड, एफ आणि त्यांच्या जोडीचे डी, पी, एस, ए, टी राखीव समजा आणि लूपचं नाव म्हणून ती अक्षरं वापरू नका. आय आणि जे ही जोडी निर्धोक. आतल्या सगळ्या उपफोल्डरमध्येही शिरायचं असेल तर फॉर /आर वापरा. पण तिथे %आय मध्ये पूर्ण पत्ता येतो आणि रेनला दुसऱ्या जागी पत्ता चालत नाही. तिथे "२०२५_%~एनएक्सआय" असं लिहावं लागतं.

आता अडीचशे फोल्डर

यादी नोटपॅडमध्ये घ्या, एका ओळीवर एक नाव, आणि वाय-ए-डी-आय या नावाने टेक्स्ट फाइल करा. नावं मराठीत असतील तर सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये नोटपॅडची ती मूळचीच निवड आहे. मग ६५००१ ची कमांड द्या आणि:

फॉर /एफ "डेलिम्स=" %आय इन (यादी.टीएक्सटी) डू @एको एमडी "%आय"

नावं नीट दिसली की @एको काढा. अडीचशे फोल्डर तयार होतात, आणि चहाचा कप तोंडाला लावायलाही सवड मिळत नाही. एखादा फोल्डर आधीपासून असेल तर एम-डी तसा निरोप देतं आणि पुढे जातं, आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. म्हणून उशिरा प्रवेश घेतलेली चार मुलं यादीच्या शेवटी जोडून तीच ओळ बिनधास्त पुन्हा चालवा.

मराठी नावांत एक बारीक अडचण येते. ‘पाटील स्नेहा वि.’ असा शेवटी टिंब असलेला फोल्डर विंडोज टिंबाशिवाय करतं. ओळीच्या शेवटची स्पेसही गळते. पुढे दुसऱ्या एखाद्या यादीशी नावं ताडून पाहायची असतील तर ही नावं जुळत नाहीत. तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारका यांना विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात जागाच नाही. त्यामुळे नावासोबत जन्मतारीख तिरक्या रेघा देऊन लिहिली असेल तर ती आधीच बदलून आडव्या रेघा करा.

हजेरी क्रमांक आणि नाव असे दोन रकाने एक्सेलमध्ये असतील तर सेव्ह अ‍ॅजमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. मग:

फॉर /एफ "स्किप=१ टोकन्स=१,२ डेलिम्स=," %आय इन (यादी.सीएसव्ही) डू @एको एमडी "%आय_%जे"

स्किप=१ मुळे मथळ्याची ओळ वगळली जाते. एक्सेल यूटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतं, तीही त्या ओळीबरोबरच जाते, हा आयता फायदा. टोकन्स म्हणजे टी-ओ-के-ई-एन-एस. पहिला रकाना %आय मध्ये येतो, दुसरा आपोआप पुढच्या अक्षरात, म्हणजे %जे मध्ये. इथे एका गोष्टीला फार लोक फसतात. लागोपाठ दोन स्वल्पविराम आले तर फॉर त्यांना एकच मानतो. मधला रकाना एखाद्या मुलाच्या बाबतीत रिकामा असला की पुढचे सगळे रकाने एक घर डावीकडे सरकतात आणि आडनावाच्या जागी मोबाईल नंबर येऊन बसतो. एक्सेलमध्येच रिकाम्या घरात एखादी आडवी रेघ भरून घ्या. रिकाम्या ओळी मात्र फॉर आपणहून सोडून देतो.

आकडे मोजणारा लूप

फॉरचं आणखी एक रूप /एल. कंसात तीन आकडे: कुठून, कितीच्या पावलाने, कुठपर्यंत. (१,१,३०) म्हणजे एक ते तीस. (१०,-१,१) म्हणजे दहापासून उलटं. ‘रोल०१, रोल०२’ अशी आधी शून्य असलेली नावं मात्र यातून थेट येत नाहीत, १ चा १ च राहतो आणि डिरच्या यादीत १ नंतर १० येतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे १०१ पासून सुरू करून १३० ला थांबायचं. सगळे आकडे तीन अंकी झाले की क्रम आपोआप लागतो. डोकं लावून शून्यं जोडण्यापेक्षा हे बरं.

लॅबमधली कोणती मशीनं नेटवर्कवर आहेत, ते बघायची ओळ:

फॉर /एल %आय इन (१,१,२५४) डू @पिंग -एन १ -डब्ल्यू २०० १९२.१६८.१.%आय | फाइंड "टीटीएल"

-एन १ म्हणजे प्रत्येकाला एकदाच हाक. -डब्ल्यू नंतरचा आकडा उत्तराची वाट किती मिलिसेकंद पाहायची ते सांगतो. तो दिला नाही तर प्रत्येक बंद मशीनसाठी चार-चार सेकंद जातात. फाइंडमुळे फक्त उत्तर देणाऱ्यांच्या ओळी दिसतात, पण त्यातली टी-टी-एल ही अक्षरं कॅपिटलच हवीत. पिंग यशस्वी झाला की नाही हे त्याच्या स्वतःच्या निकालावरून न ठरवता टीटीएल शोधायचं कारण असं की, ‘मशीनपर्यंत पोहोचता येत नाही’ असं उत्तर आलं तरी विंडोजचा पिंग ते यशात धरतो. तुमच्या नेटवर्कचा पत्ता वेगळा असेल तर आधी आय-पी-कॉन्फिग चालवून बघून घ्या. आणि उत्तर आलं नाही म्हणजे मशीन बंदच, असं समजू नका. विंडोजचा फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तर देऊ देत नाही.

पाऊल शून्य ठेवलं तर लूप कधीच संपत नाही, आणि कधी कधी तेच हवं असतं. ‘आमच्याकडे इंटरनेट सारखं जातं’ असं सांगितलं की समोरून ‘कधी जातं?’ असा प्रश्न येतो. त्याचा पुरावा असा तयार करता येतो:

फॉर /एल %आय इन (१,०,२) डू @(पिंग -एन १ ८.८.८.८ | फाइंड "टीटीएल" >नल || टाइम /टी >>लॉग.टीएक्सटी & टाइमआउट /टी ६० >नल)

८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता. दर मिनिटाला त्याला एक हाक जाते. उत्तर आलं तर काहीच होत नाही, नाही आलं तर दोन उभ्या रेघांनंतरची कमांड चालते आणि त्या क्षणाची वेळ लॉगमध्ये पडते. >नल म्हणजे एन-यू-एल, नको असलेला मजकूर तिकडे जातो. दोन बाण मुद्दाम आहेत. एकच बाण दिला असता तर प्रत्येक वेळी फाइल नव्याने लिहिली गेली असती आणि शेवटी एकच वेळ हाती राहिली असती. थांबवायला कंट्रोल धरून सी दाबा. लॅपटॉप झोपला की लूपही थांबतो, म्हणून रात्रभर ठेवणार असाल तर स्लीप बंद करा. आणि काळ्या खिडकीत चुकून माउसने क्लिक झालं तर मजकूर निवडण्याची अवस्था चालू होऊन सगळं जागीच थबकू शकतं. मशीन हँग झालंय असं वाटतं, पण एस्केप दाबलं की गाडी पुढे सुरू.

याच ओळीत टाइम /टी ऐवजी एको %टाइम% लिहिलं, तर लॉगमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच वेळ दिसेल. कारण दोन टक्क्यांमधली किंमत कमांड प्रॉम्प्ट ओळ वाचतानाच, लूप सुरू होण्याआधी, एकदाच भरून टाकतो. दर फेरीला ताजी किंमत हवी असेल तर आधी सी-एम-डी, स्पेस, /व्ही:ऑन असं देऊन त्याच खिडकीत नवा कमांड प्रॉम्प्ट सुरू करायचा आणि टक्क्यांच्या जागी उद्गारचिन्हं वापरायची: !टाइम!. बॅच फाइलमध्ये हेच काम सेटलोकल एनेबलडिलेडएक्स्पान्शन ही लांबलचक ओळ करते. मघाशी लावलेलं २०२५_ काढून टाकायचं असेल तर त्याच खिडकीत:

फॉर /एफ "डेलिम्स=" %आय इन ('डिर /बी २०२५_*.जेपीजी') डू @सेट "के=%आय" & एको रेन "%आय" "!के:~५!"

~५ म्हणजे पहिली पाच अक्षरं सोडून उरलेलं. या पद्धतीचा दोष एवढाच की ज्या फाइलच्या नावातच उद्गारचिन्ह आहे तिचा घोळ होतो, कारण ते चिन्ह गिळलं जातं. अशा फाइली आधी हाताने नीट करा.

एको कुठे फसवतो

आधी एको लावून पाहायचं, हे वर पुन्हा पुन्हा आलं. पण एकोची हमी ओळीच्या पहिल्या कमांडपुरतीच असते. शेवटच्या उदाहरणात एको & च्या नंतर का ठेवला, ते पाहा. @एको कॉपी अमुक & डेल तमुक असं लिहिलं, तर कॉपी फक्त दिसेल आणि डेल खरोखर चालेल. तसंच ओळीत बाण असेल तर एकोचा मजकूर स्क्रीनवर न येता त्या फाइलमध्ये जाऊन पडेल. & असलेल्या ओळीची चाचणी करताना प्रत्येक कमांडपुढे स्वतंत्र एको लावा.

डेल, म्हणजे डी-ई-एल, हिच्याबद्दल तर कडक बोलायला हवं. या कमांडने काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. शिवाय जुन्या आठ-अधिक-तीन अक्षरी नावांमुळे *.एक्सएलएस असं म्हटलं की पुष्कळ मशीनवर एक्सएलएसएक्स फाइलीही त्यात धरल्या जातात. *.डॉक म्हटलं की डॉकएक्सही. विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तिथे ही छोटी नावं बहुधा चालू असतात. ‘जुन्या फॉरमॅटच्या फाइली काढतो’ म्हणत चालू वर्षाचे हिशेब उडवायला एवढं पुरे. डेल असलेली कुठलीही ओळ चालवण्याआधी तोच पॅटर्न डिरला देऊन यादी पाहा, आणि मूळ फोल्डरची एक प्रत दुसरीकडे करून ठेवा. रोबोकॉपी, जुना फोल्डर, नवा फोल्डर, /ई, एवढी एक ओळ त्यासाठी पुरते.

आणि प्रत्येक कामाला लूप लागतोच असंही नाही. सगळ्या जेपीईजीचं शेपूट जेपीजी करायचं असेल तर रेन *.जेपीईजी *.जेपीजी एवढंच बस्स. सगळ्या पीडीएफ पेनड्राइव्हवर टाकायला कॉपी *.पीडीएफ आणि ड्राइव्हचं अक्षर पुरतं. जी कमांड स्वतःच तारका समजते तिच्याभोवती फॉर गुंडाळणं म्हणजे उगाच द्राविडी प्राणायाम.

दर महिन्याला तीच ओळ लागत असेल तर तिची बॅच फाइल करा. नोटपॅडमध्ये पहिली ओळ @एको ऑफ, दुसरी सी-एच-सी-पी ६५००१ >नल, मग दोन टक्क्यांसह फॉरची ओळ, शेवटी पी-ए-यू-एस-ई, म्हणजे निकाल वाचेपर्यंत खिडकी मिटणार नाही. सेव्ह करताना खालचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नावाचा शेवट .बॅट करा, नाहीतर नोटपॅड शेवटी .टीएक्सटी चिकटवतं आणि डबल क्लिक केल्यावर फाइल चालण्याऐवजी नुसती उघडते. कोणी दिलेली बॅच फाइल मात्र राइट क्लिक, एडिट करून वाचल्याशिवाय चालवू नका. आत काय आहे ते सगळं साध्या अक्षरांत दिसतं.

यापुढे जायचं असेल, म्हणजे एक्सेलच्या तारखांवर हिशेब करायचा, वेबवरून माहिती आणायची, तर कमांड प्रॉम्प्टशी झटापट करण्यात अर्थ नाही. त्यासाठी २००६ पासून पॉवरशेल आहे आणि ते या कामात कितीतरी सरस आहे. पण फोल्डर करणं, नावं बदलणं, फाइली हलवणं आणि मशीनं तपासणं या रोजच्या कामांना फॉर पुरेसा आहे, आणि तो कुठल्याही विंडोज मशीनवर हजर असतो. एखादं अक्षर आठवलं नाही तर फॉर /? | मोर असं टाइप करा. एम-ओ-आर-ई मुळे मजकूर एकेका पानाने दिसतो, स्पेस दाबली की पुढचं पान. /एफ, /एल, /आर आणि टिल्डाची सगळी अक्षरं त्यात उदाहरणांसह दिली आहेत, आणि ती इंटरनेट नसतानाही वाचता येतात.